लेखनगुरूची सनद

गेल्या पावसाळ्यांतली गोष्ट. येथें रत्नागिरींत आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. टपालखात्यांतील नोकरीवरून निवृत्त झाल्याला त्यांना पुष्कळ वर्षें झालीं. रोज सायंकाळीं त्यांच्या पडवींत आठ-दहा मुलें-मुली निबंधाच्या वह्या घेऊन जमतात. आजोबा त्या वह्या वाचतात, मुलांकडून मोठ्यानें वाचवून घेतात, कोठें एखादा शब्द खोडावयास सांगतात. ह्या कामाबद्दल ते कोणाकडून एक पैसा घेत नाहींत. एके दिवशीं एका मुलीच्या आईनें त्यांना विनयानेंच, परंतु स्पष्ट शब्दांत विचारलें, "आजोबा, आपण बी.एड. आहांत काय?" आजोबांनीं नाहीं म्हटलें. दुसऱ्या दिवसापासून मुलगी येईनाशी झाली. ही हकीकत आम्हांस सांगून ते म्हणाले, "त्या बाईंचें चुकलें असें मला म्हणवत नाहीं. मुलीचें दहावीचें वर्ष आहे. तुम्ही मासिकांतून लिहितां, तेव्हां तुम्हीच सांगा, मला हा अधिकार आहे काय?" त्या वेळीं आमच्याच्यानें नीट उत्तर देववलें नाहीं. तें येथें देण्याचा विचार आहे.

त्या माउलीच्या प्रश्नास हंसण्याचें मुळींच कारण नाहीं. वैद्यकीची पदवी नसलेल्या माणसाच्या हातीं आपण आपलें मूल देत नाहीं. मग शिकविण्याची पदवी नसलेल्याच्या हातीं कां द्यावें? शाळेंत शिक्षक नेमतांना आतां कायदाहि हेंच विचारतो. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शिक्षकाची किमान पात्रता ठरविण्याची व्यवस्था केली, आणि २०१० सालीं पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठीं पात्रता-परीक्षेची अट आली. त्यामागील हेतु चांगला आहे. पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणें, मागें पडणारें मूल वेळेवर ओळखणें, अपूर्णांक कोणत्या क्रमानें समजावून द्यावे हें जाणणें, ह्या गोष्टी कोणी आईच्या पोटांतून शिकून येत नाहीं. सनद म्हणजे निदान एवढ्या गोष्टी ह्या माणसाच्या कानांवरून गेल्या आहेत अशी ग्वाही होय. गरीब घराला ती ग्वाही फार मोलाची वाटते, कारण फसगत झाल्यास दुसरा शिक्षक लावणें त्याला परवडत नाहीं. प्रश्न एवढाच उरतो कीं, चांगलें लिहावयास शिकविण्याची विद्या ह्या ग्वाहींत येते काय?

ह्याचें उत्तर शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. आमच्या जिल्ह्याशीं संबंध असलेल्या तीन शिक्षकांचीं उदाहरणें सर्वांच्या परिचयाचीं आहेत.

पहिले विष्णुशास्त्री चिपळूणकर. त्यांची ‘निबंधमाला’ १८७४ सालीं निघूं लागली. ती चालू असतांनाच सरकारी शिक्षकाच्या नात्यानें त्यांची बदली रत्नागिरीच्या हायस्कुलांत झाली. मालेंतील तिखट लेखनाचीच ही शिक्षा, अशी समजूत तेव्हांपासून रूढ आहे. १८७९ सालीं नोकरीचा राजीनामा देऊन ते पुण्यास परतले आणि पुढल्याच वर्षाच्या आरंभीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें. गमतीची गोष्ट ही कीं, ह्या गृहस्थांचे वडील कृष्णशास्त्री हे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजाचे, म्हणजे शिक्षक घडविणाऱ्या संस्थेचेच प्रमुख होते. परंतु विष्णुशास्त्र्यांचा हात वळला तो त्या संस्थेच्या वर्गांत बसून नव्हे. वडिलांच्या देखरेखीखालीं ‘शालापत्रका’साठीं मजकूर लिहितां लिहितां तो वळला. घरांत सनदा देणारी टांकसाळ असतांना मुलगा लिहावयास शिकला तो उमेदवारीनें.

दुसरे विष्णु सखाराम खांडेकर. मॅट्रिक होऊन ते फर्ग्युसन कॉलेजांत गेले खरे. पण शिक्षण अर्ध्यावर सुटलें आणि पदवी मिळाली नाहीं. १९२० सालीं ते शिरोड्याच्या शाळेंत शिक्षक झाले आणि १९३८ पर्यंत तेथेंच राहिले. शिरोडें आज सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मोडतें; १९८१ पर्यंत तें रत्नागिरी जिल्ह्यांतच होतें. ज्या माणसास पुढें १९७४ सालचें ज्ञानपीठ पारितोषिक मिळालें, तो आजच्या नियमांनीं त्या शाळेंत मराठीचा एक तास घेण्यासहि पात्र ठरला नसता.

तिसरे साने गुरुजी. जन्म १८९९ चा, दापोली तालुक्यांतील पालगडचा. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरांत ते तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठीं गेले होते. तेथून १९२४ सालीं तेथल्याच शाळेंत शिक्षक झाले, आणि पुढें विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. शिक्षकीचें हें आयुष्य १९३० सालीं कायदेभंगाच्या चळवळींत उडी घेईपर्यंतचेंच, म्हणजे अवघ्या सहा वर्षांचें. त्या काळांत त्यांनीं ‘छात्रालय’ नांवाचें एक हस्तलिखित दैनिक चालविलें. तें रोज स्वतःच्या हातानें लिहून काढावयाचें आणि वसतिगृहांतील मुलांनीं वाचावयाचें. १९२८ सालीं त्यांनीं ‘विद्यार्थी’ नांवाचें मासिकहि काढलें.

ह्या तिघांत समान काय आहे? आमच्या मतें एकच गोष्ट: हे शिक्षक स्वतः लिहीत होते, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना तें दिसत होतें. पोहणें शिकविणारा काठावर उभा राहून नुसत्या सूचना देत नाहीं. निदान एकदां तरी तो पाण्यांत उतरतो. निबंध शिकविणारे किती शिक्षक वर्षाकांठीं एक तरी निबंध स्वतः लिहितात? सनदेच्या अभ्यासक्रमांत पाठाचें टांचण कसें करावें हें असतें; शिक्षकानें स्वतः लिहून, चुकून, खोडून, पुन्हा लिहून तें आपल्या विद्यार्थ्यांस दाखवावें अशी अट त्यांत सहसा आढळत नाहीं. अमळनेरच्या मुलांनीं मात्र रोज हेंच पाहिलें. आपल्यासारखाच एक माणूस कागद घेऊन बसतो, आपल्यासाठींच लिहितो आणि सकाळीं तें आपल्यापुढें ठेवतो, हा धडा कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत छापतां येत नाहीं.

येथवर आमचें म्हणणें सनदेविरुद्ध जातें असें वाचकांस वाटेल. पण आतां नाण्याची दुसरी बाजू पाहूं. जो स्वतः चांगलें लिहितो तो चांगलें लिहावयास शिकवितोच, असें नाहीं. उलट त्याच्यापासून विद्यार्थ्यांस एक विशेष भय असतें. तें म्हणजे नकलेचें. विष्णुशास्त्र्यांचीं लांबरुंद, डौलदार, उपरोधानें भरलेलीं वाक्यें पाहून कित्येकांस वाटलें कीं, मराठी निबंध म्हणजे कोणाची तरी टर उडविणें. शास्त्रीबोवांच्या मागें व्यासंग होता. अनुकरण करणाऱ्यांच्या हातीं नुसती टर राहिली. खांडेकरांच्या कल्पनाविलासाची आणि सुभाषितवजा वाक्यांची मोहिनी एका सबंध पिढीवर पडली. जीवनाला सागराची, वाळवंटाची किंवा चौरस्त्याची उपमा दिल्याखेरीज ज्यांचा एक परिच्छेद पुरा होत नसे, अशा तरुणांच्या वह्या आम्हीं आमच्या लहानपणीं वडील भावंडांच्या कपाटांत पाहिल्या आहेत.

साने गुरुजींचीं छोटीं, हळुवार, उद्गारचिन्हांनीं थबकणारीं वाक्यें त्यांच्या हृदयांतून येत होतीं. ‘श्यामची आई’ हें पुस्तक त्यांनीं १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत पांच दिवसांत लिहिलें. त्याची मांडणी रात्रींची आहे: एकानें सांगावयाचें, बाकीच्यांनीं ऐकावयाचें. समोर बसलेल्या श्रोत्याशीं बोलण्याची ती संवय त्यांना वसतिगृहांतील मुलांसाठीं रोज लिहिण्यानें लागली असावी, असा आमचा तर्क आहे. परंतु जो त्या भाषेची नक्कल करतो त्याच्यापुढें श्रोता नसतो. मग डोळ्यांतील पाणी तेवढें उरतें आणि तें शाईत मिसळून अक्षर पुसट करतें. गुरूसारखें लिहूं लागलेला शिष्य हें आम्ही गुरूचें यश मानीत नाहीं. तो वेष उसना घेऊन हिंडणारा मुलगा होय. अंगाला येत नाहीं हें त्याला स्वतःला कधीं कळत नाहीं.

तेव्हां सनद पुरेशी नाहीं, आणि लेखणीहि पुरेशी नाहीं. मग अधिकार येतो कोठून? ह्याचा विचार करतांना आम्हांस मराठींतील एका शाळकरी निबंधाची आठवण होते. तो रत्नागिरीचा नव्हे, पुण्याचा आहे. पण विष्णुशास्त्र्यांचें नांव निघाल्यावर तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत मुक्ता साळवे ह्या सुमारें चौदा वर्षांच्या मांग जातीच्या मुलीनें लिहिलेला, मांग-महारांच्या दुःखाविषयींचा निबंध प्रसिद्ध झाला. मुक्ता ही जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या शाळेंतील विद्यार्थिनी. जोतीरावांनीं १८४८ सालीं पहिली शाळा काढली तेव्हां ते अवघे एकवीस वर्षांचे होते आणि शिक्षकीची कोणतीहि सरकारी सनद त्यांच्या हातीं नव्हती. पुढें ह्याच जोतीरावांच्या लेखनावर लिहितांना विष्णुशास्त्र्यांनीं मालेंत त्यांच्या व्याकरणाची यथेच्छ थट्टा केली.

आतां निर्णय वाचकांनींच करावा. व्याकरणाच्या तराजूंत कोणाचें पारडें जड होतें हें सांगावयास नको. परंतु तीन-चार वर्षें शाळा पाहिलेली ती मुलगी काय करते तें पाहा. वेद जर एकट्या ब्राह्मणांचेच, तर आम्हांला धर्मपुस्तकच नाहीं असें झालें, हा मुद्दा ती वकिलासारखा बांधते. आणि लगेच आपल्या वस्तींतील बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसतें ही गोष्ट सांगते. पहिलें तिनें विचार करून मिळविलें, दुसरें तिनें पाहिलें. तिसरें कांहींहि निबंधांत नाहीं; म्हणून पावणेदोनशे वर्षें होत आलीं तरी तो जुना झाला नाहीं. तें लेखन शुद्धलेखनाच्या नियमांतून निघालें नाहीं, आणि गुरूच्या वाक्यांची नक्कलहि तें नव्हे. तुला जें ठाऊक आहे तें जगाला ठाऊक नाहीं, तें तूं सांग आणि आम्ही तें ऐकूं, असा भरंवसा त्या शाळेनें तिला दिला असला पाहिजे. लिहावयास शिकविण्याचा अधिकार आम्हांस ह्या भरंवशांत दिसतो.

हाच भरंवसा कोकणांतल्या घराघरांतून एक निरक्षर गुरु पूर्वींपासून देत आला आहे. फक्त त्याला कोणी गुरु म्हटलें नाहीं. आमच्या लहानपणीं घरोघरचे कर्ते पुरुष मुंबईस चाकरीला असत. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन येई. पोंच आणि ख्यालीखुशाली कळविण्याचें काम घरांतील शाळकरी मुलाकडे असे. आमच्या आजीला अक्षर येत नव्हतें. ती जात्यापाशीं बसून सांगे, आम्हीं लिहावें. शाळेंतील वळणानें आम्हीं एकदां लिहिलें कीं, आजीची प्रकृति बरी नाहीं. वाचून दाखवितांच ती म्हणाली, "तसें नको लिहूं रे. बापूला वाटेल मी अंथरुणाला खिळलें, आणि तो रजा टाकून धांवत येईल. गुडघा दुखतो म्हण, पण विहिरीवर जातें हेंहि म्हण." त्या दिवशीं आम्हांस प्रथम कळलें कीं, वाक्याला दुसरें टोक असतें, आणि त्या टोकाला एक माणूस बसलेला असतो. शुद्धलेखन आम्हांस शाळेनें शिकविलें, आणि त्याचें ऋण आम्ही विसरलों नाहीं. पण लिहावयास आजीनें शिकविलें.

शाळेच्या निबंधाला हें दुसरें टोकच नसतें, हा आमचा मुख्य आक्षेप आहे. ‘सूर्य उगवला नाहीं तर’, ‘मी फळा बोलतों आहें’, ‘पावसाळ्यांतील एक दिवस’, हे विषय मुळांत वाईट नाहींत. परंतु मुलगा ते लिहितो कोणासाठीं? परीक्षकासाठीं, आणि परीक्षकाला ह्या मुलाकडून कांहीं जाणून घ्यावयाचें नसतें. अपेक्षित मुद्दे आले कीं नाहीं एवढेंच त्याला पाहावयाचें असतें. मग मुलगा मार्गदर्शकांतील मुद्दे पाठ करतो, आणि ह्या व्यवहारांत कोणीच कोणाला कांहीं सांगत नाहीं. ह्यांत शिक्षकाचा दोष थोडा आहे. ज्याच्यापुढें शंभर वह्या पडल्या आहेत तो प्रत्येकीचा वाचक होऊं शकत नाहीं. तो तपासनीस होतो. वाचणें निराळें आणि तपासणें निराळें. तपासनीस चुका मोजतो, वाचक अडखळतो, हंसतो, कंटाळतो आणि "पुढें काय झालें?" म्हणून विचारतो.

आतां त्या पडवीकडे परत जाऊं. जी मुलगी येईनाशी झाली तिची वही आजोबांकडेच राहिली होती. ती त्यांनीं आमच्या हातीं दिली. तींत ‘पावसाळा’ ह्या विषयावर दोन निबंध आहेत. पहिल्यांत मोर पिसारा फुलवून नाचतात, शेतकरी आनंदतो, आणि धरणीमाता हिरवा शालू नेसते. अक्षर मोत्यासारखें, शाळेंत त्याला दहांपैकीं आठ गुण मिळाले आहेत. त्याखालीं आजोबांच्या कांपऱ्या अक्षरांत दोनच ओळी आहेत: "तूं मोर कोठें पाहिलास? तुझ्या घरीं पावसाळ्यांत काय होतें?"

दुसरा निबंध ह्या प्रश्नाचें उत्तर आहे. मुलीचे वडील मच्छिमारी बोटीवर कामाला जातात. जून-जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते. मिरकरवाड्याच्या बंदरांत बोटी नांगरून किंवा ओढून ठेवलेल्या असतात. म्हणून त्या घरांत पावसाळा म्हणजे वडील घरीं असण्याचे दिवस. आरंभीं सर्वांना आनंद होतो. ते जाळीं दुरुस्त करीत ओटीवर बसतात, आणि मुलगी त्यांना सूत ओंवून देते. पंधरा दिवसांनीं दुकानदाराच्या उधारीची गोष्ट हळू आवाजांत निघूं लागते. मग आई चुलीपाशीं आणि वडील ओटीवर, असे दोघे फारसें बोलत नाहींत, आणि पाऊस मात्र बोलत राहतो. हा सारांश आमच्या शब्दांत दिला आहे. मूळ वाक्यें ह्याहून साधीं आहेत, आणि शुद्धलेखनाच्या सात चुका त्यांत आहेत. आजोबांनीं त्या शेवटीं एकत्र, निराळ्या कागदावर लिहून दिल्या आहेत. निबंधाच्या अंगावर त्यांनीं एकच खूण केली आहे: शेवटीं ‘अशा प्रकारें पावसाळा सर्वांना आवडतो’ असें जें वाक्य मुलीनें संवयीनें जोडलें होतें, त्याखालीं एक रेघ, आणि पुढें प्रश्नचिन्ह.

टीकाकार म्हणून आम्हांस विचाराल तर दुसरा निबंध हें साहित्य आहे आणि पहिला नाहीं. परंतु येथेंच खरी अडचण आहे, आणि ती झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. परीक्षेंत कोणत्या निबंधास अधिक गुण मिळतील? कदाचित् पहिल्यालाच. त्या आईला हें ठाऊक आहे. उधारीचे दिवस तिनें काढले आहेत; मुलीच्या गुणपत्रिकेवर तिची सर्व आशा आहे. तिनें सनद विचारली ती सुरक्षितपणासाठीं. तिला दोष देणारे आम्ही कोण? दोष द्यावयाचा तर तो अशा परीक्षेला द्यावा, जी पाहिलेला पाऊस आणि पाठ केलेला पाऊस ह्यांत भेद करीत नाहीं.

तरीहि आजोबांच्या प्रश्नाचें उत्तर आतां आम्हांस देतां येतें. आजोबा, वर्ग चालविण्याचा अधिकार आपणांस नाहीं. आणि तो आपण मागितलाहि नाहीं. चांगलें लिहावयास शिकविण्याचा अधिकार मात्र कोणतेंहि विद्यापीठ देऊं शकत नाहीं, म्हणून कोणतेंहि विद्यापीठ तो काढूनहि घेऊं शकत नाहीं. जो स्वतः लिहितो, मुलाचें लिहिलेलें खरोखर वाचतो आणि त्याला आपल्यासारखें लिहूं देत नाहीं, त्याला तो आपोआप मिळतो. चाळीस वर्षें आपण दुसऱ्यांचीं पत्रें ज्याचीं त्याच्या हातीं पोंचविलीं. त्या मुलीचें पत्रहि आपण पोंचतें केलें आहे. तें आम्हांपर्यंत आलें.

आमची सूचना एवढीच कीं, आपण दोन्ही निबंध घेऊन एकदां त्या आईकडे जावें. शुद्धलेखनाच्या चुकांचा कागदहि बरोबर न्यावा, म्हणजे त्या बाजूनें मुलीचें नुकसान होत नाहीं हें तिला दिसेल. मग दुसरा निबंध तिला वाचून दाखवावा. तिला तो आवडेल किंवा आवडणार नाहीं. घरची गोष्ट चारचौघांत मांडली म्हणून कदाचित् तिला रागहि येईल. पण त्या निबंधाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली वाचक तीच आहे, आणि तिनें तो अजून वाचलेला नाहीं.